भिंतीपलीकडचा विद्यार्थी

आमच्या हॉस्टेलच्या भिंती म्हणजे नुसता रंग दिलेला पुठ्ठा आहे, असं आमचं सगळ्यांचं ठाम मत आहे. शेजारच्या खोलीत कोणी व्हायवाची प्रश्नोत्तरं घोकायला लागला की इकडे आम्हाला ती फुकटात पाठ होतात. कोणाचं घरी भांडण झालं, कोणाला केटी लागली, कोण कोणाशी फोनवर हळू आवाजात बोलतो, सगळं कळतं. गेल्या पावसाळ्यात शेजारी केमिकलचा एक सेकंड इयरचा मुलगा राहायला आला. त्याच्या सामानात एक लांबट काळी पेटी होती. आम्हाला वाटलं, ड्रॉइंगचं काहीतरी असेल. रात्री मेसवरून परत आलो आणि पेटीतलं सामान वाजायला लागलं. व्हायोलिन!

मित्रांनो, चांगलं वाजवलेलं व्हायोलिन ऐकायला आपल्या सर्वांनाच आवडतं. पण शिकाऊ माणसाच्या हातातलं व्हायोलिन म्हणजे काय असतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. बाहेर मानपाडा रोडवरच्या रिक्षांचे हॉर्न, आत हे. चौथ्या दिवशी आम्ही तिघे रूममेट तक्रार घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. फक्त एवढंच सांगितलं, की केमिस्ट्री शिकणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि व्हायोलिन शिकणारा असाच एक मुलगा प्राग शहरात होऊन गेला, आणि त्याच्याही वाजवण्याचा आवाज शेजाऱ्यांना जायचा. त्यातला एक शेजारी जरा मोठा माणूस होता. त्याने काय केलं ते लायब्ररीत जाऊन शोधा, मग तक्रार लिहून आणा.

आम्ही शोधलं. तो शेजारी म्हणजे आंतोनिन द्वोर्झाक. पाश्चात्त्य संगीतातलं फार मोठं नाव. आम्हाला ते नाव उच्चारायलाच दोन दिवस लागले. पण माणूस वाचता वाचता असा काही आवडून गेला, की तक्रार बाजूलाच राहिली आणि हा लेख झाला.

द्वोर्झाकचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ चा. गाव नेलाहोझेवेस, व्हल्टावा नदीच्या काठी, प्रागच्या उत्तरेला. हा भाग तेव्हा बोहेमिया म्हणून ओळखला जायचा आणि राज्य होतं ऑस्ट्रियाच्या बादशहाचं. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील खाटीक, शिवाय गावात खाणावळ चालवायचे आणि हौसेने झिथर नावाचं तंतुवाद्य वाजवायचे. चौदा भावंडं झाली, त्यातली आठ जगली. आंतोनिन सगळ्यात थोरला. म्हणजे घरचा धंदा त्यानेच सांभाळायचा हे ठरलेलं. त्याने खाटकाच्या कामाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं, असं बरीच वर्षं पुस्तकांत छापून येत होतं. ते प्रमाणपत्र बनावट असल्याचं पुढे संशोधकांनी दाखवून दिलं. पण धंदा घरात होता, आणि मुलगा मात्र गावच्या शाळामास्तरांकडे व्हायोलिन शिकत होता, एवढं खरं.

इथे एक गंमत सांगायला हवी. द्वोर्झाक आठ-नऊ वर्षांचा असताना त्याच्या गावावरून रेल्वेमार्ग जात होता. गावाजवळ डोंगर फोडून बोगदे खणले जात होते. मजुरांची झुंबड, सुरुंगांचे आवाज आणि मग १८५० मध्ये वाफ सोडत आलेलं पहिलं इंजिन. पोराच्या डोक्यात ते इंजिन जे शिरलं ते आयुष्यभर बाहेर पडलं नाही. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. म्हणजे ठाण्या-कल्याणच्या पोरांनी ज्या वयात ज्या डोळ्यांनी ते धूड पाहिलं असेल, जवळपास त्याच काळात त्याच डोळ्यांनी तिकडे हा पाहत होता. पुढे जगभर नाव झाल्यावरही हा माणूस प्रागच्या मोठ्या स्टेशनवर नेमाने जायचा. इंजिनांचे नंबर, गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. ड्रायव्हरांशी ओळखी. एकदा वेळ नव्हता म्हणून त्याने आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला, योसेफ सुकला, इंजिनाचा नंबर बघून यायला पाठवलं. सुक बिचारा इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याचा नंबर लिहून घेऊन आला, आणि पुढे हाच मुलगा जावई व्हायचा होता म्हणून गुरुजींनी कपाळाला हात लावला, असं सांगतात. आपल्या मेकॅनिकलच्या मंडळींना हा माणूस जवळचा वाटायला हरकत नाही.

१८५३ मध्येच, तेरावं वर्ष लागण्याच्या सुमाराला, त्याला झ्लोनित्से नावाच्या गावी मामाकडे पाठवलं. कारण काय? जर्मन शिकायला! घरात, गावात, खेळताना, भांडताना भाषा चेक. पण राज्यकारभाराची, वरच्या शिक्षणाची, चार पैसे मिळवण्याची भाषा जर्मन. मराठी माध्यमातून दहावी करून जे इथे आले आणि पहिल्या लेक्चरला ज्यांना फक्त स्वतःचा रोल नंबर समजला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. झ्लोनित्सेला लीमान नावाचे मास्तर भेटले. ते जर्मन शिकवायचे आणि त्यापेक्षा जास्त ऑर्गन, पियानो, व्हायोलिन, व्हायोला शिकवायचे. मुलाची जर्मन कच्चीच राहिली, पण हात तयार झाला.

सोळाव्या वर्षी प्रागच्या ऑर्गन स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. तिथेही भाषेचा त्रास होताच. जर्मन नीट न येणाऱ्या मुलांना मागच्या बाकावरचं समजलं जायचं. १८५९ मध्ये तो बारा जणांत दुसरा येऊन बाहेर पडला. त्याच्या शेऱ्यात काय होतं माहीत आहे? प्रॅक्टिकलकडे ओढा, त्यात हुशार, थिअरीत कमी! हा शेरा वाचून आमच्या रूममध्ये टाळ्या पडल्या.

मग नोकरी. इथून पुढची बारा-तेरा वर्षं वाचताना मात्र टाळ्या वगैरे काही सुचत नाहीत. हॉटेलांतून आणि बॉलमध्ये वाजवणाऱ्या एका बँडमध्ये तो व्हायोला वाजवायला लागला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, आकाराने जरा मोठी, आवाजाने खर्जातली. सूर धरायचा, पुढे यायचं नाही, असं तिचं काम. १८६२ पासून तो चेक नाटकगृहाच्या वाद्यवृंदात बसू लागला. पगार इतका थोडा की शिकवण्या कराव्या लागत. काही काळ पाच जणांबरोबर एका जागेत राहिला. स्वतःचा पियानो नव्हता. म्हणजे संगीतकार व्हायचंय आणि पियानो नाही! आपल्याकडे पीसीशिवाय कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केल्यासारखंच.

या सगळ्या काळात तो रात्री लिहीत होता. कोणाला दाखवत नव्हता. दोन सिंफनी लिहिल्या, त्या कोणी वाजवल्या नाहीत. बरंचसं लिहिलेलं त्याने स्वतःच जाळून टाकलं. वाद्यवृंदातल्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही हा काही लिहितो याचा पत्ता नसावा.

१८७१ मध्ये नोकरी सोडली आणि धीर करून एक ऑपेरा पुढे केला. 'राजा आणि कोळसेवाला' हे त्याचं नाव. १८७३ मध्ये तालमी सुरू झाल्या आणि बंद पडल्या. गायकांना झेपेना. अवघड, फार अवघड, असं म्हणून संहिता परत आली. सबमिशनच्या आदल्या दिवशी सरांनी अख्खी जर्नल परत दिल्यावर जे वाटतं, तेच दहा पटीने वाटलं असेल. आता माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक, यांना काही कळत नाही म्हणून शिव्या घालायच्या. दोन, डागडुजी करायची. द्वोर्झाकने तिसरीच गोष्ट केली. शब्द तेच ठेवून त्याने सगळं संगीत पहिल्यापासून नव्याने लिहिलं. जुनं काही वापरलं नाही. १८७४ मध्ये तो नवा ऑपेरा रंगभूमीवर आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिचं काम आहे.

१८७३ मध्ये लग्न झालं, आन्ना चेरमाकोवाशी. आधी तिच्या थोरल्या बहिणीवर त्याचं मन होतं, ते जमलं नव्हतं. आन्नाशी मात्र संसार छान झाला. एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची बेताच्या पगाराची नोकरी धरली. त्याच सुमारास ऑस्ट्रिया सरकारने गरीब आणि होतकरू कलाकारांसाठी ठेवलेल्या स्कॉलरशिपला त्याने अर्ज केला. एक-दोन नाही, पंधरा रचना जोडून! १८७५ च्या सुरुवातीला निकाल आला. ४०० गुल्डन मंजूर. चर्चच्या पगारापुढे ही रक्कम म्हणजे लॉटरीच. पुढेही तो अर्ज करत राहिला. परीक्षक मंडळात योहानेस ब्राम्स होता. त्या काळातला जर्मन संगीताचा खांबच. या ब्राम्सने १८७७ मध्ये आपल्या बर्लिनच्या प्रकाशकाला, झिमरॉकला, पत्र लिहून या अनोळखी चेक माणसाची शिफारस केली. पुढच्या वर्षी 'स्लाव्होनिक डान्सेस' छापले गेले आणि युरोपभर त्याचं नाव झालं. एकोणीस वर्षं थांबल्यावर!

पण आयुष्य एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं. स्कॉलरशिप मिळाली त्याच वर्षी एक मुलगी जन्मली आणि दोन दिवसांत गेली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये दुसरी मुलगी फॉस्फरसचं द्रावण चुकून पोटात जाऊन गेली. सप्टेंबरात थोरला मुलगा देवीने गेला. तो दिवस ८ सप्टेंबर होता, वडिलांचा वाढदिवस. घरात एकही मूल उरलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्याने 'स्टाबाट माटेर' ही रचना पूर्ण केली. मेलेल्या मुलाजवळ उभ्या असलेल्या आईच्या दुःखाचं ते जुनं लॅटिन स्तोत्र आहे. यावर जास्त काही लिहिता येत नाही. पुढे सहा मुलं झाली आणि ती जगली, एवढंच समाधान.

आता आपण त्या भिंतीपाशी येऊ.

१८७७ पासून द्वोर्झाक कुटुंब प्रागच्या झित्ना रस्त्यावरच्या एका इमारतीत राहत होतं. त्याच इमारतीत सासूबाई राहायच्या. त्यांनी एक खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली होती. त्याचं नाव योसेफ क्रूइस. शिकत होता केमिस्ट्री. हौस व्हायोलिनची. शिकवायला यान पेलिकान नावाचे वादक यायचे, नाटकगृहाच्या वाद्यवृंदातले. गुरुशिष्य दोन व्हायोलिनची साधी गाणी वाजवायचे आणि तो आवाज द्वोर्झाकच्या घरात यायचा.

साल १८८७, महिना जानेवारी. द्वोर्झाक आता पंचेचाळीस वर्षांचा. इंग्लंडमध्ये त्याच्या नावाचा गाजावाजा. तीनच महिन्यांपूर्वी लीड्सला त्याने स्वतःचं मोठं गायन-नाट्य शेकडो गायक-वादकांपुढे उभं राहून सादर केलं होतं. घरात पाच मुलांचा दंगा. टेबलावर मोठ्या वाद्यवृंदाची कामं. अशा माणसाला शेजारच्या शिकाऊ व्हायोलिनचा त्रास व्हायला हवा की नको? आम्ही तर चार दिवसांत अर्ज लिहिला होता.

त्याने काय केलं? त्याला वाटलं, आपणही यांच्यात जाऊन वाजवावं. त्याचं जुनं वाद्य, ती खर्जातली व्हायोला, होतीच. दोन व्हायोलिन आणि एक व्हायोला अशा तिघांनी मिळून वाजवायला काही हवं म्हणून त्याने ७ ते १४ जानेवारी या आठवड्यात 'टेर्झेट्टो' लिहिलं. रचना सुंदर झाली, आजही जगभर वाजते. पण घोळ झाला. पहिल्या व्हायोलिनचे वादक पेलिकान होते, ते ठीक. क्रूइसला आपला भाग काही जमेना. अवघड झालं होतं.

ऑपेरा परत आला होता तेव्हाचा द्वोर्झाक आठवा. आता तो मोठा झाला होता. मुलाला जमत नाही तर मुलाने रियाज वाढवावा, असं त्याने म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने पुन्हा तेच केलं. अवघड झालेलं बाजूला ठेवलं आणि नव्याने लिहायला बसला. चार-पाच दिवसांत त्याच तीन वाद्यांसाठी चार छोट्या रचना झाल्या, क्रूइसच्या हाताला झेपतील अशा. मग त्या त्याला स्वतःलाच इतक्या आवडल्या, की लगेच त्याने त्या एक व्हायोलिन आणि एक पियानो यांच्यासाठी पुन्हा मांडल्या. २५ जानेवारीला तेही काम पूर्ण. याच त्या 'रोमँटिक पीसेस', क्रमांक ७५. नाव वाचून आपल्याकडे काहींच्या भुवया उंचावतील, पण इथे रोमँटिक म्हणजे प्रेमप्रकरण नव्हे. एकोणिसाव्या शतकात संगीताने नियमांच्या चौकटीपेक्षा मनातल्या भावनेला पुढे आणलं, त्या काळाला आणि वळणाला हे नाव आहे.

त्याच महिन्यात त्याने झिमरॉकला पत्रात कळवलं, की आपण हौशी लोकांसाठी छोट्या गोष्टी लिहितो आहोत, आणि त्यात एखादी मोठी सिंफनी लिहिताना मिळावा तेवढाच आनंद मिळतो आहे. हे वाचलं तेव्हा आम्ही तिघेही जरा गप्प झालो.

या रचना आहेत तरी कशा? आम्ही काही जाणकार नाही, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. चारही मिळून पंधरा मिनिटांच्या आत संपतात. पहिल्या रचनेत पियानो एका लयीत हळू चालत राहतो आणि त्याच्यावर व्हायोलिन एक लांब गाणं म्हणतं. दुसरी जरा तोऱ्यातली, गावच्या जत्रेतल्या नाचासारखी पाय आपटत चालणारी. तिसरी आवेगाची, भरून आलेली. चौथी सगळ्यात संथ. दोन-चार सुरांचा एक सुस्कारा, मग थांबणं, परत तोच सुस्कारा जरा वरून. शेवट टाळ्या घेणारा नाही. दार हळूच लोटून कोणी निघून जावं तसा. सूर कठीण नाहीत, हात फार धावत नाही. पण तो सुस्कारा खरा वाटावा म्हणून कसलेल्या वादकांनाही घाम गाळावा लागतो. म्हणजे बोटांना सोपं आणि मनाला अवघड. द्वोर्झाकने काठिण्य कमी केलं, दर्जा नाही. सोपं आणि हलकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं, ते इथे कळलं.

३० मार्च १८८७ रोजी प्रागमध्ये या रचना पहिल्यांदा लोकांपुढे आल्या. व्हायोलिनवर कारेल ओंद्रझिचेक आणि पियानोवर स्वतः द्वोर्झाक. झिमरॉकने त्या लगेच छापल्या. क्रूइससाठी लिहिलेलं तीन वाद्यांचं मूळ रूप मात्र द्वोर्झाकच्या हयातीत छापलं गेलं नाही. पन्नासहून अधिक वर्षं ते कागदातच राहिलं.

या झिमरॉकशी द्वोर्झाकची भांडणंही खूप झाली. पैशांवरून झालीच. सातव्या सिंफनीला तो ३,००० मार्क देत होता, याने ६,००० मागितले आणि घेतले. पण त्याहून मोठं भांडण नावावरून. झिमरॉक मुखपृष्ठावर जर्मन पद्धतीने 'अंटोन' छापायचा. द्वोर्झाकचं म्हणणं, माझं नाव आंतोनिन आहे, चेक आहे. शेवटी तडजोड म्हणून नुसतं 'अंट.' छापायला लागले! हसू येतं, पण यात एक दुखरी जागा आहे. मागच्या बाकावर बसवलेला तो मुलगा जर्मन शिकला, जर्मन लोकांत मोठा झाला, पण आपलं नाव त्याने बदलू दिलं नाही.

१८९१ मध्ये तो प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कहून बोलावणं आलं. तिथल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचं संचालकपद, पगार वर्षाला १५,००० डॉलर. प्रागच्या पगाराच्या कैक पटीने जास्त. गेला. आपल्याकडे जीआरई देऊन जातात तसा. तिथेही त्याने विद्यार्थ्यांकडे कान दिला. हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या गुलामीत राहिलेल्या पूर्वजांची गाणी म्हणून दाखवायचा. गोऱ्या अमेरिकेने तेव्हा ज्यांना दारात उभं केलं नव्हतं, त्यांची ही गाणीच अमेरिकेच्या संगीताचा पाया होऊ शकतात, असं द्वोर्झाकने १८९३ मध्ये जाहीरपणे मांडलं. मोठी खळबळ झाली. १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्याची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिला मिळालेल्या टाळ्यांचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं.

आम्हाला आवडली ती त्याच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. त्याच्या प्रकाशित रचनांचे आकडे शंभराशी आले होते. शंभर नंबर! कोणीही असता तर या आकड्यासाठी काहीतरी भव्य राखून ठेवलं असतं. द्वोर्झाकने शंभर नंबर दिला एका 'सोनाटिना'ला, म्हणजे छोट्या सोनाटाला. व्हायोलिन आणि पियानो, पुन्हा तीच जोडी. लिहिली कोणासाठी? पंधरा वर्षांची मुलगी ओतिलिए पियानो वाजवायची आणि दहा वर्षांचा मुलगा तोनिक व्हायोलिन वाजवायचा, त्यांच्यासाठी. घरात दोघांनी मिळून वाजवावी म्हणून. झित्ना रस्त्यावर शेजारच्या पोरासाठी जे केलं तेच न्यूयॉर्कमध्ये आपल्या पोरांसाठी.

आणि हा माणूस अमेरिकेत असताना त्याच्या छापायच्या रचनांची प्रुफं कोण तपासत होतं? ब्राम्स! साठीचा, जगप्रसिद्ध ब्राम्स. दुसऱ्याच्या प्रुफातल्या चुका शोधत बसला होता. मोठ्या माणसांची ओळख कशावरून पटते, याचा आमच्या रूममध्ये बराच वाद झाला, आणि या मुद्द्यापाशी थांबला.

१८९५ मध्ये द्वोर्झाक घरी परतला. घराची ओढ फार होती. परत शिकवणं, परत स्टेशनवर जाणं, विसोका गावच्या घरी कबुतरं पाळणं. १८९८ मध्ये ओतिलिएचं लग्न त्या चुकीचा नंबर आणणाऱ्या योसेफ सुकशी झालं. १ मे १९०४ रोजी झित्ना रस्त्यावरच्या त्याच घरी द्वोर्झाक गेला. वय बासष्ट. दुसऱ्याच वर्षी ओतिलिएही गेली. तिच्या नातवाचं नावही योसेफ सुक, १९२९ ते २०११ हा त्याचा काळ. तो विसाव्या शतकातला नावाजलेला व्हायोलिनवादक झाला आणि पणजोबांच्या या छोट्या रचना त्याने रेकॉर्ड करून ठेवल्या. आम्ही त्याच ऐकल्या.

कोणी म्हणेल, कुठे प्राग आणि कुठे मानपाडा रोड! पण धागे असतात. त्याच बोहेमियातल्या कार्ल्सबादला जन्मलेला आणि प्रागला शिकलेला वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईला आला. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या सावलीतून निघून आलेला. त्याने मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी काढली, म्हणजे घरच्या बैठकीत दोघा-चौघांनी मिळून वाजवायचं संगीत. तो स्वतः पियानोवर, व्हायोलिनवर मेहली मेहता. हे मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. कॉफमन पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळत होता, आणि आकाशवाणी सुरू होताना वाजते ती व्हायोलिनची धून त्याच्याच नावे सांगितली जाते. शिवाय व्हायोलिनवर आपला ख्याल गाता येतो हे दाखवणारे पंडित गजाननबुवा जोशी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आपल्या डोंबिवलीतच राहत होते. म्हणजे हे वाद्य या रस्त्याला नवीन नाही. नवीन आम्हीच होतो.

तर मित्रांनो, तक्रारीचं काय झालं? लायब्ररीतून परत आलो त्या रात्री साडेनऊ वाजले, दहा वाजले, शेजारून आवाजच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमची तक्रार कोणीतरी त्याच्या कानावर घातली होती. पेटी पलंगाखाली गेली होती. दोन दिवस आम्ही ती शांतता ऐकली. हॉर्न होते, पंख्याची घरघर होती, आणि भिंतीपलीकडे एक मुलगा गप्प बसला होता आमच्यामुळे. तिसऱ्या रात्री आम्ही तिघे जाऊन त्याचं दार वाजवलं. सॉरी वगैरे म्हणता येत नव्हतं नीट. शेवटी आमच्यातला एक, जो गॅदरिंगला कीबोर्ड वाजवतो, त्यानेच विचारलं, की तू वाजवशील त्याच्यामागे मी साधे कॉर्ड धरू का?

आमच्यात कोणी द्वोर्झाक नाही. त्यामुळे त्या दोघांचं अजून पहिल्या रचनेच्या पहिल्या पानापाशीच अडलंय, तेही अर्ध्या लयीत. सूर अजून घसरतात. पण आता रात्री साडेनऊला भिंतीच्या या बाजूला आम्ही पुस्तक मिटून बसतो. कालच एक जागा बरोबर आली. पलीकडे दोघेही थांबले, आणि लगेच परत पहिल्यापासून सुरू झाले.